विमल, तुझ्या ऐंशी नळ्या

विमल,

सोमवारी ऑफिसात तुझी शोकसभा झाली. नवे साहेब बोलले. त्यांनी तुला जेमतेम दोन वर्षं पाहिलं, तेही लांबून. हातातला कागद बघत ते म्हणाले, "विमलताई मितभाषी होत्या." माझ्या शेजारी वसंतराव भाऊजी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघांनीही चटकन माना खाली घातल्या. लोकांना वाटलं, नवरा आणि मैत्रीण, दोघांना एकदमच भरून आलं. खरं म्हणजे हसू आवरत नव्हतं. बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "बावीस वर्षांत मले एक वाक्य पुरं करू देल्लं नाही तिनं. अन् म्हणे मितभाषी!" मग ते व्हरांड्याच्या भिंतीला हात टेकून उभे राहिले, आणि तेव्हा मात्र खरोखरच रडले.

तुझी नोकरी किती वर्षांची, निबंध किती छापले, हे सगळं तिथे सांगून झालं. ते पुन्हा सांगायला मी बसलेली नाही. आपल्या दोघींत एक भांडण होतं. ते तू गेल्यावर मिटलं असं लोक म्हणतील. मला ते मान्य नाही, आणि तुलाही नसणार. म्हणून लिहिते आहे.

एम.एस्सी.च्या वर्गात आपण चार मुली होतो. मातीतून जंतू वेगळे काढायचं प्रात्यक्षिक होतं, आणि सरांनी सगळ्यांना चमचाभर माती आणायला सांगितली होती. आम्ही सगळ्यांनी कॉलेजच्या बागेतली आणली. तू कळमेश्वरच्या पलीकडे तुमच्या गावाहून, बाबांच्या वावरातली, तुरीच्या मुळाखालची माती फडक्यात बांधून आणलीस. शिवाय एका पिशवीत परतीच्या पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी. भाकरीला चालत नाही, बाजारात कोणी घेत नाही, ढोरंही नाक फिरवतात, तसली. सर म्हणाले, "पुस्तकात मक्याची पेज दिली आहे."

"सर, मका तिकडचे जंतू खातात," तू म्हणालीस. "आमच्या वावरातले जवारीच खातीन ना?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "करून पहा," म्हणाले.

माती पाण्यात कालवून ते पाणी मिनिटभर उकळायचं. बाकी सगळं मरतं. आपल्याला हवा असलेला जंतू तेवढा स्वतःभोवती जाड कवच करून झोपतो आणि वाचतो. मग ज्वारीच्या पेजेत तो सोडायचा आणि हवा लागू द्यायची नाही. दोन दिवसांनी आमच्या नळ्यांत पेज तळाशीच बसून होती. तुझ्या नळीत खालून निघालेल्या वायूने सगळी पेज उचलून वर धरली होती, फुगलेल्या भाकरीसारखी. तू ती उजेडात धरलीस आणि म्हणालीस, "पाय शालू, डोकं वर काढलं!" जंतूबद्दल इतक्या मायेनं बोलणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्या नळीतून निघालेल्या जंतूवर तू पुढची पंधरा वर्षं घालवलीस. पिठूळ काही खायला दिलं की तो त्याचं अ‍ॅसिटोन आणि ब्युटेनॉल करायचा. ही रसायनं रंगांना लागतात, थिनरला लागतात, औषधांच्या कारखान्यांना लागतात, आणि ती यायची खनिज तेलापासून. तुझं म्हणणं अगदी साधं होतं. तेल जमिनीतून एकदा निघालं की संपलं. ज्वारी दरसाल निघते, आणि त्यातली काही दरसाल काळी पडते.

आपल्याला एकाच प्रयोगशाळेत नोकरी लागली हे माझं नशीब. तुझं होतं की नाही, सांगता येत नाही. जंतू तुझ्याकडे आणि मोजमाप माझ्याकडे. तू नळीला नाक लावून म्हणायचीस, "आज चांगलं निघालं." मी दोन दिवस ऊर्ध्वपातन करून, आकडे मांडून तेच सांगायची. फार राग यायचा मला त्याचा.

मोठी अडचण अशी होती की ब्युटेनॉल त्या जंतूलाच विषारी. थोडं तयार झालं की तो आपल्याच मालात बुडून मरायचा. तू त्याला आधी अतिनील दिव्याखाली धरायचीस, म्हणजे काहींची घडण बदलते. मग त्यांच्या अन्नातच थोडं ब्युटेनॉल मिसळायचीस. बहुतेक मरत. जे मूठभर उरत त्यांना वाढवायचीस आणि पुढच्या खेपेला आणखी थोडं जास्त मिसळायचीस. चार वर्षं हेच. मी एकदा वैतागून म्हटलं, "तू त्यांना छळते आहेस." तू म्हणालीस, "छळून नाई राहिली वं, शिकवून राहिली. सासरी जायचं हाये त्याईले, कारखान्यात." आणि खरोखर, मूळचा जंतू जिथे मरायचा तिथे तुझा जंतू खुशाल जगायला लागला.

तुम्ही कोराडीला राहायला गेलात ते याच सुमाराला. भाऊजी वीज केंद्रात, घर कॉलनीत. सकाळी बसमधून उतरायचीस तेव्हा पदरावर राखेचा थर, संध्याकाळी परत जाताना अंगाला खवट लोण्याचा वास. एकदा कंडक्टरने तुझ्या पिशवीकडे बोट केलं. "बाई, डब्यातलं खराब झालं वाटते."

"खराब नाई झालं भाऊ," तू म्हणालीस, "अजून व्हायचं हाये."

पुढे दोन स्टॉप ती बस तुझं व्याख्यान ऐकत होती. मितभाषी!

मग तेलाचे भाव भडकले. जे लोक आपल्या खोलीच्या दारावरून नाकाला रुमाल लावून जायचे, ते आत यायला लागले. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत थिनर बनवणारा एक मालक होता, शांत बोलणारा, भला माणूस. त्याने एक टाकी दिली. आपण आठवड्यातून तीनदा तिकडे जायचो. पहिल्या टाकीला लागणारी काळी ज्वारी तुझे बाबा आणि दादा स्वतः गाडी जुंपून घेऊन आले. टाकी भरली, जंतू सोडले, आणि तिसऱ्या दिवशी आतून असा खळखळाट सुरू झाला की बाबा टाकीला कान लावूनच उभे राहिले.

"काय करून राहिले वं हे आतमंदी?" त्यांनी विचारलं.

"जेवून राहिले, बाबा."

"आपली जवारी?"

"आपलीच. अन् आपल्याच वावरातले हायेत. तुरीखालचे."

बाबांनी पुन्हा टाकीला कान लावला. पहिलं ब्युटेनॉल गाळून निघालं तेव्हा त्यांनी बाटली हातात घेतली, हुंगली आणि तोंड वाकडं केलं. "याच्यापरीस जवारी बरी," म्हणाले. पण बाटली परत दिली नाही. गावाला घेऊन गेले. पुढे त्यांनी ती कोणाकोणाला हुंगायला लावली ते तू मला किती वेळा सांगितलंस, आणि दर वेळी माणसं वाढलेली असायची.

तो पावसाळा आणि तो हिवाळा आपले सगळ्यात चांगले दिवस होते. मला ते तेव्हा कळलं नाही. तुला कळलं असावं, कारण तू एकदा टाकीच्या शिडीवर बसून डबा खाताना म्हणाली होतीस, "शालू, याच्याहून जास्त काय पायजे असते वं मानसाले?" मी म्हटलं, पंखा. आणि आपण हसलो.

मग एक दिवस टाकी गप्प झाली. आदल्या दिवशी उसळत होती, आणि सकाळी पाहिलं तर पाण्यासारखी पातळ. जंतूंना रोग झाला होता. जंतूंनाही विषाणू लागतात, आणि लागले की एका दिवसात सगळी टाकी फस्त करतात. आपण नळ न् नळ वाफेने धुतला, फरशा घासल्या, नव्याने जंतू सोडले. पुन्हा तेच. तू त्या मेलेल्या टाकीतून जगलेले दोन-चार वेचून त्यांची नवी पिढी उभी केलीस, ती महिनाभर टिकली आणि पुन्हा बसली. एवढ्यात तेलाचे भाव निवले. मुंबईकडचं, तेलापासून केलेलं ब्युटेनॉल पुन्हा स्वस्त झालं. मालक स्वतः आपल्याकडे आला, हात जोडून म्हणाला, "ताई, तुमचं काम खोटं नाही. पण मला परवडत नाही." त्याच्यावर तू कधी रागावली नाहीस. राग सगळा माझ्यासाठी राखून ठेवलास, आणि ते योग्यच होतं.

आता त्या आठवड्याबद्दल. तू धाकट्या दिराच्या लग्नाला आठ दिवसांच्या रजेवर होतीस. तेव्हाच्या साहेबांनी मला बोलावलं. प्रकल्प बंद होतोय म्हणाले. वीज केंद्राच्या राखेच्या तळ्यांचं पाणी तपासायला नवा विभाग काढायचा आहे, त्याला आपली खोली हवी, आपला फ्रीज हवा. शिवाय तिथल्या प्रत्येक नळीत विषाणू असू शकतो, तेव्हा सगळे जंतू नष्ट करा. या कागदावर सही करा.

मी सही केली. त्याच दुपारी कोपऱ्यातल्या मोठ्या कुकरमध्ये, ऑटोक्लेव्हमध्ये, तुझ्या सगळ्या नळ्या गेल्या. मातीत सुकवून ठेवलेले, कवचात झोपलेले मूळचे बीजाणूसुद्धा.

तू आलीस. केसांत अजून लग्नातला गजरा होता. फ्रीज उघडलास, त्यात पाण्याच्या बाटल्या होत्या. तू ओरडली नाहीस. "शालू," म्हणालीस, "काहून केलं वं?"

मी नियम सांगितला, रोगाचं सांगितलं, साहेबांचा हुकूम सांगितला.

"थे ठीक हाये. मले इचारलं काहून नाई?"

"तू नाही म्हटलं असतंस म्हणून."

मग गजरा काढून टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, "हे मात्र खरं बोलली."

आपण बोलणं सोडलं नाही. दुपारचा डबा एकत्रच खाल्ला, त्या दिवशीसुद्धा. तुम्ही प्रताप नगरला घर बांधलंत तेव्हा वास्तूच्या पुरणपोळ्या लाटायला मीच होते. पण दर वर्षी एकदा, साधारण ज्वारी काळी पडायच्या दिवसांत, तू तो विषय काढायचीस. मी म्हणायची, विमल, धंदा बसला होता, टाकी रोगट होती, दुसरं कोणीही हेच केलं असतं. तू म्हणायचीस, "दुसऱ्या कोनाचं मी बोलूनच नाई राहिली."

मग परदेशात जंतूंमध्ये माणसाचं जीन घालून त्यांच्याकडून इन्सुलिन करवून घेतल्याची बातमी आली. मी मुद्दाम तुझ्यासाठी ते मासिक आणलं. म्हटलं, बघ, संपले तुझे दिवस, उकळा आणि वेचा. आता शिंप्यासारखं माप देऊन जंतू शिवून घेतील. तू सगळा लेख दोनदा वाचलास. मला वाटलं हिरमुसशील. तुझे डोळे चमकत होते. "शिवू दे ना बाप्पा," म्हणालीस. "ब्युटेनॉलचं जीन काढायचं म्हटलं तर काढतीन कोनातून? आपल्यासारख्याच कोण्या जंतूतून ना? अन् आपण तर शिजवून टाकले." मी मासिक मिटलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की मी नुसत्या काही काचेच्या नळ्या फेकल्या नव्हत्या.

यंदा तुझ्या किडन्यांनी हात टेकले. दवाखान्यात मी रोज दुपारी येत होते. एके दिवशी तू भाऊजींना चहाला पाठवलंस, उशीखाली हात घातलास आणि रुमालात गुंडाळलेली एक नळी काढलीस. तळाशी बोटभर कोरडी माती.

"माह्या टेबलाच्या खणात एक रोजच्या कामाची नळी राहून गेली होती तवा," तू म्हणालीस. "थे मातीत सुकवून ठेवली. दाळीच्या डब्यात होती इतके दिवस."

"दहा वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"कायले सांगू? तू तिच्यावरही सही केली असती."

आपण दोघी हसलो. तुला हसताना दुखत होतं.

"पाय जिते हायेत का," तू म्हणालीस.

मी त्याच संध्याकाळी तुमच्या गावाला गेले. बाबा नाहीत आता. दादाकडे काळी ज्वारी मागितली. "बिमार मानसाले जवारी कायले?" त्याने विचारलं. म्हटलं, तिला नाही, तिच्या जंतूंना. त्याने पुढे काही न विचारता पायली भरून दिली. चौथ्या दिवशी माझ्या नळीतली पेज वर उचलली गेली. जिवंत होते. मी धावतच मोजायला घेतलं, आणि मोजलं ते पुन्हा मोजलं. नुसतं आम्ल होतं. खवट, आंबट. अ‍ॅसिटोन नाही, ब्युटेनॉल नाही. खूप वेळा एका नळीतून दुसरीत नेलं की हा जंतू आपली कला विसरतो, हे तूच मला शिकवलं होतंस, आणि ही तर शेवटची, सगळ्यांत जास्त वापरलेली नळी. अस्सल मूळचे जे होते ते मी शिजवले होते.

दवाखान्याच्या जिन्यात मी बराच वेळ उभी राहिले. तुझ्या हातावर तेव्हा सुया होत्या, बोलताना धाप लागत होती. चांगलं निघालं म्हटलं असतं तर तू काय तपासायला येणार होतीस? पण नाक होतं ना तुझं, आणि माझ्या पदराला तो खवट वास होता. मी आत आले आणि खरं सांगितलं. जिते आहेत. पण काम विसरले.

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, मी पुन्हा एकदा तेच केलं.

"सगळे कसे इसरतीन?" डोळे उघडून तू म्हणालीस. "कागद घे."

आणि तू सांगत गेलीस. त्या मातीतून ऐंशी नळ्या टाक. प्रत्येक उकळत्या पाण्यात मिनिटभर धर. जे विसरले त्यांना कवचही धड करता येत नाही, ते मरतील. उरले त्यांना वाढव, पुन्हा उकळ. तीनदा. मग एकेक हुंगून पाहा. "मोजत नको बसू पयले. हुंग." मी विचारलं, किती निघतील? तू जरा विचार केलास. "एखादी निघन. एक पुरते."

त्यानंतर नऊ दिवसांनी तू गेलीस.

आता तुला जे कधी सांगितलं नाही ते सांगते. साहेबांनी तो कागद पुढे केला तेव्हा नव्या पाणी विभागाची प्रमुख कोण, हेही त्याच बैठकीत सांगितलं होतं. सही आधी, नेमणूक नंतर, पण दोन्ही एकाच चहात. त्या खुर्चीवर मी दहा वर्षं बसले. तू दर वर्षी विचारायचीस, मले इचारलं काहून नाई, आणि मी दर वर्षी नियम सांगायची. तुला माहीत असेल. तुला सगळं माहीत असायचं. पण मी सांगितलं नाही ते नाहीच. दवाखान्यातही तोंडापर्यंत आलं होतं, तेवढ्यात भाऊजी चहा घेऊन आले, आणि मला बरंच वाटलं.

तरी एक गोष्ट. तो प्रकल्प बंद करणं चूक होतं, असं मला आजही वाटत नाही. तू गेलीस म्हणून मी मत बदलणार नाही. बदललं असतं तर तूच मला फाडून खाल्लं असतंस. टाकी रोगट होती, भाव पडले होते, ज्वारीचं ब्युटेनॉल त्या वर्षी कोणीही घेतलं नसतं, पुढची कित्येक वर्षंही घेणार नाही. तेवढं माझं बरोबर. तुला न विचारता, तुझी पाठ वळलेली असताना, खुर्चीवर डोळा ठेवून सही केली, ते चूक. हे दोन्ही मी इतकी वर्षं एकात एक कालवून तुझ्यापुढे ठेवत होते. आज वेगळं करून ठेवते आहे. भांडायचं तर पहिल्यावर भांड.

तुझी तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऐंशी नळ्या टाकल्या. पाणी विभागाच्या प्रमुखबाई काळ्या ज्वारीची पेज शिजवताहेत म्हटल्यावर लोक दाराशी येऊन बघून गेले. तीनदा उकळलं. पहिल्या खेपेला निम्म्या नळ्या पडल्या, दुसऱ्या खेपेला आणखी. काल तिसरी खेप उघडली. मोजत बसले नाही. एकेक बूच काढून हुंगत गेले, तुझ्यासारखं, डोळे मिटून. खवट, खवट, खवट. मग एक अशी आली की माझा हात थांबला. गोडसर, डोक्यात चढणारा, त्या कळमेश्वरच्या टाकीचा वास. मी ती बाजूला ठेवली आणि पुढे गेले. दुसरी निघाली. मग तिसरी.

तू एक म्हणाली होतीस, विमल. तीन निघाल्या. आणि थांब, एवढ्यात बोलू नको, आज सकाळपासून चौथीलेही वास येऊन राहिला, वं.